घारापुरीची तोफ आणि माझा मेव्हणा

माझी बायको कुणामुळं गेली, यावर मेव्हण्याचं आन् माझं वर्षभर भांडण चाललं. तो म्हणायचा, दाजींनी घालवली. मी म्हणायचो, तुझ्या तोंडानं घालवली. काय झालं ते लिहितो. शाळा चौथीपर्यंतच, चुकलं तर चुकलं.

परांड्याच्या किल्ल्यात झुडपं काढायच्या कामावर मी लई वर्षं होतो. बुरुजावरच्या तोफांना टेकूनच भाकरी खाल्ली. मेव्हणा उरणला राहतो. दर लग्नात मला डिवचायचा, "दाजी, तुमच्या तोफा म्हंजी खेळणी. आमच्या बेटावर येऊन बघा एकदा!"

मी म्हणायचो, "आमची खरी मोठी विजापूरला ओढून नेली रं. न्हाईतर तुझी बेटावरची तिच्या तोंडात मावली असती."

त्याच्या नातवाच्या बारशाला गेलो, तवा त्यानं आम्हाला लाँचनं घारापुरीला नेलं. परांड्याच्या सगळ्यात लांब तोफेच्या मापाची सुतळी मी गावाहूनच खिशात घातली होती. बायकोनं ती बघितली आन् कपाळाला हात लावला. "आवो, केस पांढरे झाले की तुमचे!"

लेण्यांच्या पायऱ्यांनीच तिला धाप लागली. तोफा त्याच्याबी वर, डोंगरावर. डॉक्टरनं तिला चढ वर्ज्य सांगितला होता. मेव्हण्याला ते ठाऊक न्हवतं. मला ठाऊक होतं.

"तुमी जावा, मी बसते हितं," ती म्हनली.

"तुझा भाऊ माप कबूल करायचा न्हाय. साक्षीला चल."

वर लोखंडाचं नुसतं धूड. चौफेर फिरावं म्हणून चक्रावर बसवलेलं, खाली दारूगोळ्याला भुयारं. तिथला गाईड लोकांना सांगत होता, बंदरात शत्रूची जहाजं शिरू नयेत म्हणून इंग्रजांनी ह्या तोफा चढवल्या.

म्या विचारलं, "किती बुडवली?"

"एकपण नाही, आजोबा. इथं लढाईच झाली नाही."

माझं डोकं फिरलं. काही न करता गंजलेल्या असल्या लोखंडावरून हा माणूस मला इतकी वर्षं हसत होता!

मेव्हण्याला म्हनलं, धर टोक. त्यानं हात मागं बांधले. "कशाला? डोळ्यांनी दिसतंय की." मग बायकोनं धरलं. तोफ सुतळीपेक्षा लांब निघाली. मेव्हणा खो खो हसला. मी माप चुकलं म्हनलो आन् तिला पुन्हा धरायला लावलं. तिचे ओठ निळे पडले होते. म्या ते बघितलं. बघूनबी "नीट धर" म्हनलो.

गावी आल्यावर महिनाबी झाला न्हाय, ती गेली.

वर्षश्राद्धाला मेव्हणा आला. पंगतीत सगळ्यांदेखत म्हनला, "आक्काला डोंगर चढायला लावला ह्यांनी."

मी वाढत होतो. भाजीचं भांडं खाली ठेवलं आन् बोललो, "डॉक्टरनं चढ नको म्हणून सांगितलं होतं. मला ठाऊक होतं."

मेव्हण्यानं ताट सारलं. "आन् वर्षभर शिव्या मला घातल्या, दाजी?"

"व्हय, घातल्या. तू डिवचलंस त्याच्या अजूनबी घालीन. पर तिला वर म्या नेलं."

तो उष्टा हात तसाच घेऊन उठला आन् चपला घालून निघाला. माझी लेक मामाच्या मागं पळाली. म्या तिला दारातनं माघारी बोलावलं.

"जाऊ दे. त्याचा राग खरा हाय," म्हनलं आन् भांडं उचलून उरलेल्यांना वाढायला लागलो.