'+1' नावाची फाईल

दोन हजार सालानंतरची पहिली वर्षं असतील. चिमूरच्या घरातून निघून मी धानोऱ्याच्या एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर कामाला लागले होते. गावोगावच्या तापकऱ्यांचं रक्त काचपट्टीवर यायचं. तपासणी झाली की कोणाला मलेरिया आहे ते मी कॉम्प्युटरमध्ये भरायचे आणि एक कमांड द्यायचे, 'सॉर्ट +1'. म्हणजे काचपट्टीच्या नंबरचा पहिला रकाना सोड आणि पुढच्या रकान्याप्रमाणे, गावांप्रमाणे, नावं लाव. तो कागद घेऊन जीप गोळ्या वाटायला जंगलातल्या गावांकडे निघायची.

नवा प्रिंटर आला. जुनं सॉफ्टवेअर त्याला ओळखेना, म्हणून त्याच फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी सीडी नागपूरहून मागवून मी सगळंच अपग्रेड केलं. प्रिंटर छान चालू लागला. दुसऱ्या सकाळी नेहमीची कमांड दिली, तर पडद्यावर आलं: '+1' नावाची फाईल सापडत नाही.

असली फाईल आमच्याकडे कधी नव्हतीच. तरी मी वेड्यासारखी शोधून पाहिली.

बाहेर जीप उभी. ड्रायव्हरभाऊ दारात आले. "काऊन बाई, कागद निघून नाई राह्यला का?"

"मशीन ऐकून नाई राह्यली, भाऊ. थोडं थांबा."

"थांबतो. पण नाल्यापलीकडच्या गावांत जाचं आहे, उशीर नोको करू."

मी '+1' काढून नुसतं 'सॉर्ट' दिलं. नावं लागली, पण नंबराप्रमाणे. म्हणजे माहिती शाबूत होती, कमांडही जिवंत होती. बिघाड त्या दोन चिन्हांतच होता. इंटरनेटसाठी फोन लावला, तर लाईन बंद. मग सीडीवरून मशीनमध्येच उतरलेली माहितीपत्रकं उघडली आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचत बसले.

आणि तिथे ते होतं. लिहिलं होतं की '+1' ही जुनी पद्धत नव्या नियमांत बंद झाली आहे, आता ते फाईलचं नाव समजलं जाईल. त्याऐवजी '-k 2', म्हणजे दुसऱ्या रकान्यापासून, असं लिहा. त्याखाली आणखी काही होतं. ज्यांचं काम अजून जुन्या पद्धतीवर चालतं, त्यांनी अमुक एक ओळ आधी द्यावी, मशीन पूर्वीसारखं वागेल.

मी ती ओळ पुन्हा वाचली. धानोरा कुठे आहे हे ज्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही, त्यांनी मी विचारायच्या आधीच मला उत्तर लिहून ठेवलं होतं.

'-k 2' टाकलं. गावांमागून गावं लागत गेली. प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर आला.

डॉक्टरबाई मागे येऊन उभ्या होत्या. "काय झालं होतं गं?"

"नियम बदलला, बाई."

"कोणी?"

"माहीत नाही. पण कोणीतरी अडकेल हे त्यांना ठाऊक होतं. वाट सांगून ठेवली होती."

बाई वाकून पडद्यावरच्या ओळी वाचू लागल्या. "फुकट मिळतं म्हणालीस ना हे सगळं?"

मी मान हलवली. त्या कागद घेऊन जीपकडे गेल्या. जीप गेल्याचा आवाजही मी नीट ऐकला नाही. शेवटच्या पानावर, हे लिहिणाऱ्यांची नावं होती. कसली कसली नावं, कुठल्या मुलखांतली, उच्चारताही येईनात. मी एकेक नाव हळू वाचत राहिले.