गुंठ्याचे दोन भाव

मंगळवार, सकाळचे सहा वाजून बावीस मिनिटे. रोहिणी बडे नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला, भागवत पाटोळेंच्या फाटकासमोर, फॉर्मचं पॅड छातीशी धरून उभी होती. निळी बस तिच्यासमोरून न थांबता निघून गेली. आत पाच माणसं होती, तिनं मोजली. मग फाटकाची कडी वाजवली.

राहुरीहून नागापूरमार्गे नगरला जाणारी ही नवी बस महिनाभर चाचणीवर धावत होती. कुठे थांबायचं ते पक्कं व्हायचं होतं. पाटोळे मळ्यापासून नागापूर एमआयडीसीचं गेट बसनं वीस मिनिटांवर. रोज ती बस याच वेळी मळ्यावरून जायची आणि रोज रोहिणी त्या वेळी कुणाच्या तरी दारात उभी असायची.

थांब्यांचा खर्च कसा काढायचा, यासाठी बस मंडळानं एक हिशोब मांडला होता. थांबा झाला की शेजारच्या जमिनीचे भाव चढतात. त्या चढलेल्या भावाचा चौथा हिस्सा मालकाकडून 'सुधार आकार' म्हणून घ्यायचा आणि त्यावर थांबा बांधायचा नि बस चालवायची. ज्या ठिकाणी भाव चढतच नाही, तिथे थांबा द्यायचा नाही. खरेदीखतांवरून काही कळायची सोय नव्हती. खतात सगळेच सरकारी दराएवढी रक्कम लिहितात आणि वरची हातोहात देतात. म्हणून मंडळानं मालकांचे जबाब घ्यायचं ठरवलं: गेल्या वर्षी गुंठ्याचा भाव काय होता, बसची घोषणा झाल्यावर काय झाला. थांब्याभोवतीच्या तीनशे मीटरमधल्या निम्म्या जमिनीच्या मालकांनी गुंठ्यामागे दोन लाखांच्या वर वाढ सांगितली, तर थांबा मंजूर. मालकाची सही, साक्षीदाराची सही. मुदत त्याच मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत.

पाटोळे मळ्यात त्र्याहत्तर फॉर्म भरायचे होते. सोमवार रात्रीपर्यंत एकाहत्तर भरून झाले होते आणि एकातही वाढ नव्हती.

रोहिणी चौतीस वर्षांची. माहेर पाथर्डी तालुक्यातलं. आईवडील दर दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जायचे. ती वसतिगृहात राहून बारावी झाली आणि लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. नवरा अजिनाथ नागापूरच्या प्रेसशॉपमध्ये, दर आठवड्याला वेगळ्या शिफ्टला, त्यामुळे मोटरसायकल कायम त्याच्याकडे. रोहिणीनं सात वर्षांत चार नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. कारण प्रत्येक वेळी तेच. अडीच किलोमीटरवरच्या फाट्यावरून जाणारा टेम्पो भरल्याशिवाय हलत नाही आणि कंपनीत तीन लेटमार्कला अर्धा रोज कापतात. घरी बसणं तिला जमत नाही. शेजारणी म्हणतात, तिच्या पायाला भिंगरी आहे. पायाला भिंगरी होती, गाडी नव्हती.

या वेळी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कायमची जागा होती. हजेरी सातला. मॅनेजरनं स्पष्ट सांगितलं होतं, "थांबा झाला तर एक तारखेला या. नाही झाला तर दुसरी मुलगी तयार आहे." तोवर चाळीस दिवसांचं हे फॉर्म भरण्याचं काम तिनं घेतलं होतं. स्वतःच्या वस्तीत सर्वेक्षण करू नये, असा नियम मंडळात कुणी लिहिलेला नव्हता.

फाटक भागवतांनीच उघडलं. पंचावन्नच्या आसपासचे, अंगात बनियन, हातात झाडू. अंगणात सतरंज्यांची थप्पी पडली होती. मळ्यातले बहुतेक प्लॉट त्यांच्याकडूनच विकले गेले होते, रोहिणीचाही. तीनशे मीटरच्या वर्तुळातल्या सत्तर एकरांपैकी अडतीस एकर अजून त्यांच्या एकत्र खात्यावर होते. पुण्यातल्या दोन्ही भावांचं मुखत्यारपत्र त्यांच्याकडेच. म्हणजे बाकी सगळ्यांनी काहीही लिहिलं असतं तरी थांबा या एका फॉर्मवर अडला होता.

"चार लिव," भागवत म्हणाले. "गेल्या साली चार, औंदा बी चार."

"तात्या, आयतवारी तर गच्चीवरनं पाव्हण्यांना नऊ सांगत हुता. समद्या मळ्यानं ऐकलं."

"ते सोयरिकीचं, बाई. सोयरिकीत कुनी चार सांगतं व्हय? हे सरकारचं. सरकारला नऊ सांगितलं तर सरकार म्हनंल, आन हिकडं."

यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं आणि मळ्यातल्या कुणालाच वाटलं नसतं. या भागात जमिनीला दोन भाव असतात. मुलाचं लग्न जमवताना सांगायचा एक आणि साहेबाला सांगायचा दुसरा. पहिला ऐकताना पाहुणे मनातल्या मनात थोडा कमी करतात, दुसरा ऐकताना साहेब थोडा वाढवतात. खोटं बोललं, असं कुणी म्हणत नाही.

"बरं, सही तरी करा."

"साक्षीदार कुटंय? दुपारी ये. आज सुपारी फोडायची हाय, शेवगावकडचे पाव्हणे येत्यात. बायांना वटीला सांगितलंय, तू बी येशीलच. जेवनं झाली की करतो सही. चारवर."

त्र्याहत्तरातला दुसरा उरलेला फॉर्म तिचा स्वतःचा होता. तो तिनं शेवटी ठेवला होता.

साडेनऊला ती मोनिकाच्या किराणा दुकानात गेली. मोनिकानं आठवड्यापूर्वीच दोन्ही वर्षांना चार लाख दहा हजार लिहून सही केली होती. बदलायची असेल तर आज शेवटचा दिवस आहे, एवढंच सांगायला रोहिणी आली होती.

"तुला बस पायजे म्हनून आमी पैसं भरायचं?" मोनिका साखर पुड्यात ओतत म्हणाली. "मला घर इकायचं न्हाई. मग वाढलेला भाव काय खायचा का?"

"इकत न्हाईस तवर काय बी लागत न्हाई. पत्रकात चौथ्या पानावर हाय."

"आन पोरानं वर खोली काढली तर?"

प्रशिक्षणात फक्त प्रश्न वाचून दाखवायला सांगितलं होतं. चौथं पान तिनं स्वतः काल रात्री पहिल्यांदा वाचलं होतं.

"तर लागंल."

"बघ! खरं बोललीस एकदाची." मोनिकानं पुडी बांधली. "रोहिणीताई, तुझं काय, तू आज हितं, उद्या तितं. आमाला हितंच ऱ्हायचंय."

अकराला सुश्रुत कुलकर्णींचा फोन आला. ते मंडळाचे अभियंते, नागापूरच्या तात्पुरत्या कार्यालयात बसणारे.

"बडेमॅडम, पाटोळे मळ्याची वाढ शून्य दिसतेय. मी वगळलेल्या यादीत टाकू का?"

"सर, अडतीस एकरांचा एक फॉर्म राहिलाय."

"त्यांनी काय सांगितलंय?"

"सही व्हायचीय अजून."

"नुसती ऐकीव माहिती नको हं. सही हवी, साक्षीदार हवा. सहानंतर मला काही करता येणार नाही."

तिनं फोन ठेवला, घरी जाऊन अंघोळ केली, साडी बदलली. ओटीचं आमंत्रण एकचं होतं, जेवणं दोनची. ती साडेबारालाच निघाली. पॅड पिशवीत घातलं आणि वर नारळ ठेवला.

भागवतांच्या ओसरीवर शेवगावचे बिभीषण गर्जे आणि त्यांचे सात-आठ भाऊबंद बसले होते. बिभीषण भागवतांच्या होणाऱ्या सुनेचे वडील. मुलगी रेश्मा नगरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. एका म्हाताऱ्यानं अडकित्त्यानं सुपारी फोडली, खोबऱ्याची वाटी फिरली, सगळ्यांनी हात जोडले. आत पंगतीची भांडी वाजायला लागली. बोलणं संपलं होतं आणि ताटं यायची होती. रोहिणी बायकांतून उठून ओसरीच्या कडेला आली.

"तात्या, तेवढी सही ऱ्हायली. साक्षीदार नव्हता सकाळी. आता समदेच हायेत."

"आत्ता?" भागवतांनी मान वर केली. "जेवनं तर होऊंद्यात की."

"कशाची सही?" बिभीषणनी विचारलं.

"बसच्या थांब्याची, मामा. गुंठ्याला काय भाव हाय ते इचारत्यात. तात्या, काय लिवू?"

भागवत तिच्याकडे बघत राहिले. शेवगावची आठ माणसं भागवतांकडे बघत होती. भिंतीला टेकून बसलेल्या रंगुबाईंना, भागवतांच्या आईला, हा खोळंबा आवडला नाही.

"आरं, त्या दिशी गच्चीवर नऊ न्हाई का म्हनलास? मग सांग की. का सुपारी आडकली घशात?"

ओसरीवर हशा झाला. भागवतही हसले, बाकीच्यांच्या थोडं नंतर.

"नऊ," ते म्हणाले. "लिव."

"आन गेल्या साली?" रोहिणीनं विचारलं.

"चार."

"मंजी वर्साला पाचनं वाढला!" बिभीषण मांडीवर थाप मारून म्हणाले. "पाव्हणं, तुमची जिमीन हाय का सोन्याची अंडी देनारी कोंबडी?"

रोहिणीनं आकडे लिहिले. मग पॅड पुढे न करता चौथं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं: जमीन विकली किंवा नवं बांधकाम केलं, तर वाढीचा चौथा हिस्सा मंडळाला भरावा लागेल. कुणी नंतर म्हणायला नको की सांगितलं नाही.

"चौथाई?" भागवत म्हणाले. त्यांचा हात खिशातल्या पेनावरून खाली आला.

"इकली तरच, तात्या."

"मग इकायची कशाला?" बिभीषण म्हणाले. "बापजाद्याची जिमीन इकनाऱ्याच्या घरात मी पोरगी देतोय व्हय?" पुन्हा हशा झाला, पण ते स्वतः हसले नाहीत. "आन बस हितं दारात थांबनार म्हनता? मग तर रेश्माचं कालेज बी सुटायचं न्हाई. आना हिकडं, साक्षीदार मी हुतो."

रस्त्याकडेच्या चार एकरांचे प्लॉट पाडायचा नकाशा भागवतांच्या कपाटात तयार होता, हे मळ्यात सगळ्यांना माहीत होतं. शेवगावकरांना माहीत नव्हतं. भागवतांनी सही केली. त्याखाली बिभीषणनी आपलं पूर्ण नाव, गाव, तालुका नि फोन नंबर लिहिला आणि अंगठीचा हात कागदावर ठेवून शाई वाळू दिली.

रोहिणी जेवायला थांबली नाही. फाटकापर्यंत भागवत तिच्या मागे आले.

"लेकीवानी धरलं हुतं तुला."

"व्हय, तात्या."

"भर पाव्हण्यांत पकडलंस मला."

"मी इचारलं, तुमी सांगितलं."

"तुझा नळ माझ्या बोरवरनं हाय. ध्यानात हाय ना?"

"हाय," ती म्हणाली.

घरी अजिनाथ दुसऱ्या शिफ्टला निघायच्या तयारीत होता. रोहिणीनं स्वतःचा फॉर्म काढला आणि उभ्यानंच भरला: आधी चार, आता नऊ.

"आपला बी नऊ?" अजिनाथनं बूट घालता घालता विचारलं. "दिवाळीनंतर वरची खोली काढायचीय आपल्याला. किती लागंल मग?"

"दोन गुंट्यांवर अडीच लाख."

"खोलीलाच तेवढं लागत्यात."

"व्हय. मग खोली न्हाई."

"समद्यांनी चार लिवलंय. तुज्या एकटीच्या नऊनं काय फरक पडतोय? तात्याचा झालाय की."

"त्यांना नऊ लिवायला लावलं, आन मी चार लिवू?"

अजिनाथनं हेल्मेट उचललं. "बस काय, तुला घरापर्यंत सोडंल. वरच्या मजल्यावर न्हाई सोडायची." पण साक्षीदार म्हणून सही केली आणि तिला नागापूरच्या चौकापर्यंत मागे बसवून नेलं.

तीन वाजता ती कार्यालयात पोचली तेव्हा सुश्रुत बाहेर मोजणीला गेले होते. ती कुठे बसली नाही. व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. पाच चाळीसला ते आले. भागवतांचा फॉर्म त्यांनी दोनदा वाचला.

"एकाहत्तर जण चार म्हणतात आणि हे नऊ. हे कसं काय, बडेमॅडम?"

"साक्षीदारासमोर सांगितलंय, सर. चौथं पान वाचून दाखवलं, मग सही."

"साक्षीदार शेवगावचा? त्याचा इथे काय संबंध?"

"सोयरे आहेत."

सुश्रुतनी साक्षीदाराच्या सहीखालचा फोन नंबर लावला. बिभीषण परतीच्या वाटेवर होते. ते मोठ्यानं बोलत होते, त्यामुळे रोहिणीलाही ऐकू आलं: "नऊच! मी सोता ऐकलं. का, कमी झाला का दुपारपास्नं?"

यादी शुक्रवारी लागली. पाटोळे मळा चौदा थांब्यांत अकरावा. सोमवारी रस्त्याच्या कडेला पिवळा खांब रोवला गेला, बरोबर भागवतांच्या फाटकासमोर. रोहिणी एक तारखेला स्टोअरमध्ये रुजू झाली.

तिचा नळ मंगळवारीच संध्याकाळी बंद झाला, तो अजून सुरू झालेला नाही. पाणी ती शाळेजवळच्या हापशावरून आणते, बारा हंडे, कामावर जायच्या आधी. भागवत तिच्याशी बोलत नाहीत. प्लॉटचा नकाशा कपाटातच आहे. लग्न होईपर्यंत तरी तो बाहेर निघणार नाही, असं मळ्यात म्हणतात. मोनिका आठवड्यातून दोनदा मालाच्या खरेदीला याच बसनं नगरला जाते. रोहिणीशेजारची जागा रिकामी असली तरी मागे जाऊन बसते.

उद्या शनिवार, कारखाना सुरू आहे. स्टोअरची किल्ली गेटवरच्या वहीत सही करून सहा पन्नासला मिळते. पहिल्या शिफ्टला ती रोहिणीच्या नावावर आहे.