सावडीतली छत्री

दुष्काळी कामाचं खडीकेंद्र मागे पडलं तरी शमुवेल आभाळाकडे बघतच चालला होता.

"भाऊ, खाली बघा, ठेच लागेल," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"बारा वर्सांची खोड हाय बाई. आता मान खाली ऱ्हात न्हाई."

एसटी आलीच नाही, म्हणून दोघं उन्हं चढायच्या आधीच नगरच्या वाटेनं पायी निघाले होते. बाई गावच्या शाळेत मास्तरीण. शमुवेल लष्कराच्या सरावाच्या माळावर मजूर. तिथं माणसावाचून उडणारं विमान सोडायचे आणि तोफा त्यावर नेम धरायचे. मग इंजिन बंद पडलं की विमानाची हवाई छत्री उघडायची आणि ते कुठं तरी उतरायचं. ते शोधून खांद्यावर घालून आणायचं, हे शमुवेलचं काम. साहेबांच्या दुर्बिणीला जे दिसत नाही ते याच्या पायांना सापडतं, असं तिथले लोकच म्हणत.

गेल्या महिन्यात शेजारच्या देशाचे दोन साहेब आले होते. असली विमानं दोन्ही देशांनी मिळून बनवायची, बाहेरून घ्यावी लागली तर तीही एकत्रच घ्यायची, असं बोलणं चाललं होतं.

"आपली सावडच की ती," शमुवेल म्हणाला. "एक बैल माझा, एक तुझा, आन रान दोघांचं नांगरायचं. विमान आपलं हुतं, छत्री त्यांची."

चाचणीच्या दिवशी छत्री उशिरा उघडली आणि विमान आपटलं. दोष विमानाचा की छत्रीचा, ते कापड बघूनच कळणार होतं. शमुवेलनं विमान जमा केलं, छत्री केली नाही. आपल्या लष्करानंच ती दडवली, असं शेजारच्या साहेबांना वाटलं. बोलणी अडली, चौकशी लागली. आज लष्कराच्या कचेरीत लेखी जबाब द्यायचा होता. शमुवेलला सहीपुरतीच अक्षरं येत, म्हणून बाई बरोबर होत्या.

"हवालदार छगन काल समद्यांदेखत म्हनला, बायकोला परकर शिवला का रं शमुवेल? लई हसली मान्सं."

"मग तुम्ही?"

"म्या बी हसलो."

बाईंनी विचारलंच, "छत्री आहे कुठं, भाऊ?"

शमुवेलनं सांगितलं ते बाजारातला भाव सांगावा तसं. छत्री तुटून बाभळीला अडकली होती, विमानापासून लांब. ती काढेस्तोवर कचेरी बंद झाली, म्हणून सकाळी द्यावी या विचारानं तो ती घेऊन घरी आला. दारात माणसं होती. त्याच्या पोरीला, मरियाला, आदल्या दिवसापासून जुलाब-उलट्या होत होत्या. ती दुपारीच गेली होती. घरात बायकोच्या, रतनबाईच्या, अंगावर होतं तेवढंच धड लुगडं. रेशनच्या दुकानात महिनाभर कंट्रोलचं कापड नव्हतं. पास्तर म्हणाले, दिवस मावळायच्या आत माती द्यायला हवी.

"खांद्यावर हुतं ते खाली घेतलं आन तिला गुंडाळलं. पांढरंफेक हुतं. कुनाचं हाय, ते ध्यानातच आलं न्हाई. दुसऱ्या दिशी आलं."

मरिया बाईंच्याच वर्गातली, दुसरीतली. त्या आठवड्यात बाई शिबिराला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा हजेरीत तिच्या नावापुढं दुसऱ्या मास्तरांनी 'मयत' लिहिलेलं होतं आणि खाली पुढच्या पोरांच्या हजेऱ्या नेहमीसारख्या मांडलेल्या होत्या. आता चालताना बाईंच्या ओठांवर रोजचं देवाचं नाव आलं, पण जप पुढं सरकेना.

"कुठं पुरलीय? फूल तरी ठेवीन," त्या म्हणाल्या.

शमुवेलनं सांगितलं. दुष्काळात गेलेल्यांच्या कबरींवर नावं नव्हती, नुसते धोंडे होते. कुठला धोंडा कुणाचा, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

कचेरीचं फाटक दिसलं. बाहेर लिंबाखाली बाक होता. बाई बसल्या. त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. शमुवेल उभाच राहिला. आता तो आभाळाकडे बघत नव्हता.

"कापड म्या घेतलं, असं ल्हा बाई. कशाला घेतलं, ते बी ल्हा. काम गेलं तर जाऊ द्या. रतन खडी फोडती, म्या बी फोडीन. पन साहेब म्हनलेत, जमिनीखाली असंल तरी काढून आना. तवा धोंडा कुठला, तेवढं कुठं लिहू नका."