आठ अंशांच्या आत
गाडीच्या मागच्या सीटवर बांधलेल्या फ्रिजवर सकाळी आठ वाजता चारचा आकडा दिसत होता. चार अंश. आठच्या वर गेला की आतली लस फेकून द्यायची, असं मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. एटापल्लीच्या पलीकडचं गाव. नाल्यापलीकडच्या वस्तीत आठवडाभर शेळ्या मरत होत्या: आधी नाकातून पाणी, मग हगवण, मग चार दिवसांत शेवट. ती मरी इकडे येण्याआधी मला इथल्या शेळ्यांना लस टोचायची होती.

फ्रिज सहलीला नेतात तसला, ट्रंकेएवढा. आमच्या संस्थेनं तो लसीसाठी घेतला होता. चंद्रपूरच्या एका इलेक्ट्रिशियननं बॅटरीतून थेट जाड वायर ओढून, मध्ये फ्यूज टाकून तो जोडून दिला होता. गाडीची चावी काढली तरी फ्रिज चालायचा. हे मला फार सोयीचं वाटायचं.

गावात पोचलो तर शेळ्या कोठ्यात बांधलेल्या आणि माणसं जंगलात. मोहफुलं वेचायचे दिवस होते. पहाटे गेलेली माणसं ऊन चढल्यावरच परततात, आणि मालक नसताना त्याच्या शेळीला हात लावायची रीत नाही. लस टोचायची नऊची वेळ मीच कार्यालयात बसून लावली होती. माझी आई सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात दर उन्हाळ्यात मोह वेचायची. माझ्या वह्या-पुस्तकांना तोच पैसा लागला. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि वेळ ठरवताना मला मोह आठवला नाही.

मी आणि ड्रायव्हरभाऊ थांबलो. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी पेज दिली. गावात चार दिवसांपासून वीज नव्हती, म्हणून त्यांनी पाच-सहा मोबाइल चार्जिंगला आणून दिले. पेज पिऊन नाही कसं म्हणणार? गाडीत छोटा इन्व्हर्टर होता, त्याला सगळे लावले. ड्रायव्हरभाऊंचा डॅशबोर्डवरचा पंखाही फिरत होता.

साडेदहाला फ्रिज बंद पडला. बॅटरी उतरायला लागली की तो स्वतःहून थांबतो; गाडी सुरू करण्यापुरती ताकद शिल्लक राहावी म्हणून. किती उतरल्यावर थांबायचं ते आपण ठरवू शकतो. भाऊ म्हणाले, अर्धा तास इंजिन चालवू. डिझेल जेमतेम पंपापर्यंत पुरेल इतकंच होतं, म्हणून मी नको म्हणालो. माणसं आता येतीलच, असा हिशेब करून मी ती मर्यादा सगळ्यात खाली नेली. फ्रिज पुन्हा घरघरला.

भाऊंना ते आवडलं नाही. "सायेब, बॅटरी गाडी चालू कराले असते. थंडा कराले नाई."

मी बी.एस्सी.ला विजेचा धडा शिकलो होतो. ऐकलं नाही.

साडेअकराला बायका टोपल्या घेऊन आल्या तेव्हा फ्रिज पुन्हा थांबला होता. भाऊंनी चावी फिरवली. नुसतं कट्‌ झालं. दुसऱ्यांदा तेही नाही. फ्रिजवरचा आकडाही गेला होता. आत ठेवलेला काचेचा थर्मामीटर काढून पाहिला: सहा.

भाऊंनी बॉनेट उघडलं. पुढे आलेल्या म्हाताऱ्या बाईनं टोपली खाली ठेवली आणि आत डोकावून पाहिलं. "बाबू, तुझा डब्बा गाडीचं रगत पिऊन राह्यला." बायका हसल्या. मला हसू आलं नाही.

भाऊंचं म्हणणं, आधी धक्का मारू. पण उतार गावाबाहेर, वाटेत रेती. तेवढ्यात दुपार झाली असती आणि लस गेली असती. मी म्हणालो, आधी शेळ्या. बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग बायकांना माडिया बोलीत काहीतरी भरभर सांगितलं. मोह वाळत घालायचा सोडून त्या कोठ्यांकडे धावल्या.

फ्रिज चिंचेखाली नेला, ओलं पोतं गुंडाळलं. दर वेळी झाकण उघडलं की थंडावा निसटत होता, म्हणून भाऊ झाकण धरून बसले, कुपी काढताना तेवढं बोटभर उघडायचे. बायका शेळ्या मांडीत धरायच्या, मी टोचायचो. सहा. साडेसहा. हात घामानं निसटत होते. पारा सातवर आला तेव्हा अर्धं गाव उरलं होतं. बाई स्वतः रांग लावत होती, दुसऱ्यांच्या शेळ्या पुढे ढकलत होती.

शेवटी तिच्याच सात उरल्या. नवी कुपी काढायला झाकण उघडलं, थर्मामीटर पाहिला. पारा आठच्या वर गेला होता.

भाऊ हळूच म्हणाले, "टोचून टाका. कोणाले का समजते?"

खरंच, कोणालाच कळलं नसतं. बाई शेळीचा कान धरून उभी होती. मी तिला सांगितलं की ही लस आता बिघडली असेल; टोचली तर तू निर्धास्त होशील आणि शेळी मरेल. चूक माझी आहे.

तिनं शेळीचा कान सोडला. मग विचारलं, "कधी येशीन?"

"परवा."

तिनं शेळी कोठ्यात नेली, बाहेरून बांबूची ताटी बांधली, आणि गाडीला धक्का मारायला सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहिली. रेतीतून ढकलत उतारापर्यंत नेली तेव्हा भाऊंनी दुसरा गिअर टाकला. गाडी सुरू झाली.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी मी फ्रिजसाठी वेगळी बॅटरी बसवून गेलो. पोचलो तेव्हा अख्खं गाव जंगलात होतं. फक्त बाई घरी होती, कोठ्यासमोर पाल्याचा भारा सोडत. मरीची हवा लागू नये म्हणून तिनं शेळ्या बाहेर काढल्या नव्हत्या. दोन दिवस पाला तोडून घालत होती. त्या दोन दिवसांत तिच्या झाडांखालचा मोह कोणी वेचला नव्हता.

त्याबद्दल ती काही म्हणाली नाही. तिनं पहिली शेळी मांडीत धरली आणि मी सिरिंज भरली.