दुसरा चहा

आमच्या भाऊजींना मुलाखत कशी झाली ते विचारू नये. विचारलं की आधी बसायला खुर्ची ओढून घ्यावी लागते.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, वजनकाटे दुरुस्त करणारे. हातात कसब आहे, ते मी कोणापुढेही मान्य करीन. तोंडाला मात्र लगाम नाही. कारखाना बंद पडल्यापासून पाच मुलाखती झाल्या आणि त्यांच्या मते पाचही 'एक नंबर' झाल्या. नोकरी एकही लागली नाही. पहिल्या ठिकाणी म्हणे वशिला चालला, दुसऱ्या ठिकाणचा साहेब यांच्या अनुभवाला घाबरला. तिसरीकडे काय झालं ते आता त्यांनाही आठवत नाही.

शेवटी ताईने निर्वाणीचं सांगितलं. सहावी हुकली की हत्यारांची पेटी माळ्यावर आणि भाऊजी आमच्या बाबांच्या नळांच्या दुकानात. त्या दुकानात मी सहा वर्षं बसते आहे. बाबा गिऱ्हाइकासमोर "हिला काही कळत नाही, मी दाखवतो" म्हणतात आणि ते ऐकत आपण तोट्या पुसायच्या. जावयाचं तिथे काय होणार ते सांगायला नको. बाबांनी तर माझ्या शेजारी एक स्टूलही आणून ठेवलं होतं.

सहावी मुलाखत औषधांच्या कंपनीत होती. भाऊजी घरी आले ते छाती फुगवूनच.

"पक्की समजा! तीन जण होते. चाळीस मिनिटं माझंच ऐकत होते. आणि चहा दोनदा!"

"चहावरून नोकरी ठरते का?" मी विचारलं.

"तुला नाही कळायचं. नको असलेल्या माणसाला कोणी दुसरा कप देतं का?"

आठवड्याने नकार आला. भाऊजींनी लगेच वशिल्याचा शोध सुरू केला. ताईने फोन त्यांच्यापुढे ठेवला.

"अहो, विचारा ना त्यांनाच, का नाही घेतलं ते."

"मी काय आता त्यांच्या पाया पडू?"

ताईने स्वतःच नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी एक बाई होत्या. शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यासमोर काटा ठेवला होता, आठवतं? रिकामा असतानाच तो बारा ग्रॅम दाखवत होता. आम्ही मुद्दाम तसा ठेवला होता. तुम्ही न बघताच त्यावर डबा ठेवलात आणि वजन सांगून मोकळे झालात."

"तेव्हा मी... बोलत होतो."

"हो. काटा आधी शून्यावर आणणं किती महत्त्वाचं असतं, ते सांगत होतात."

मी तोंडावर हात दाबून धरला. भाऊजींनी घसा खाकरला आणि एवढं होऊनही विचारलं, "पण मग दुसरा चहा?"

"तो आमच्या साहेबांचा होता. तुम्ही उचललात, मग ते काही बोलले नाहीत."

हसून हसून माझं पोट दुखलं. पुढे आठवडाभर दुकानात येईल त्याला मी हा किस्सा सांगत होते, नक्कल करून. भाऊजी मात्र गप्प झाले. ताईकडे त्यांनी आणखी एकच संधी मागितली. तिने ती दिली, पण पेटी माळ्याखाली आणून ठेवली.

सातव्या मुलाखतीहून ते आले आणि मुकाट्याने चपला काढू लागले.

"कशी झाली?" ताईने विचारलं.

"माहीत नाही. आधी काटा शून्यावर आणला. मग विचारलं तेवढंच बोललो."

"आणि चहा?" मी सोडणार होते थोडीच!

"नको म्हटलं."

ती नोकरी त्यांना लागली. बाबांना ते मुळीच आवडलं नाही. स्टूल अजून माझ्या शेजारी रिकामं आहे, मी त्यावर माझा डबा ठेवते.

सहा वर्षांपूर्वी मीही एकदा मुलाखत दिली होती, एका छापखान्यात. नकार आला तेव्हा मी 'वशिला असणार' म्हणाले आणि या दुकानात येऊन बसले. का घेतलं नाही हे विचारायला मी कधी फोन केला नाही. आणि भाऊजींना हसले मात्र सगळ्यांत जास्त मीच.