उजवीकडं टाकलेले गड्डे

लोक विचारतात, गोलकीपिंग कुठं शिकलीस? मी म्हणते, कोबीत. ते हसतात, त्यांना वाटतं थट्टा चाललीय. थट्टा कसली डोंबलाची! कळंबच्या आमच्या वावरात कोबी निघाला की पिकअप बांधाला लागायची. बायका गड्डे कापत पुढं सरकायच्या, माझे वडील, आप्पा, खालून एकेक गड्डा वर भिरकावायचे आणि गाडीत उभं राहून ते झेलायचं, रचायचं काम माझं. टाकताना आप्पा वर बघायचेच नाहीत. गड्डा हातातून सुटला की ते पुढच्यासाठी वाकलेले. डोक्यावरून येऊ दे नाहीतर गुडघ्याशी, मी पडू द्यायची नाही, कारण पडला की फुटला आणि फुटलेला माल कोण घेतंय? पुढं शाळेत पहिल्यांदा गोलात उभी राहिले तेव्हा एवढंच वाटलं, की हा गड्डा जरा हलका आहे.

त्या गड्ड्यांनी मला पार भारताच्या गोलात नेऊन उभं केलं. तिथं मी राहिले लई वर्षं. माझ्याबरोबर आलेल्या पोरी लग्नं करून, नोकऱ्या धरून गेल्या. त्यांच्या मागून आलेल्याही गेल्या. कोच बदलत राहिले, गोलात मात्र मीच. बोटं सगळी वाकडी झाली. आई म्हणायची, "बांगडी चढंना गं तुझ्या हातात." बांगडी गेली खड्ड्यात, ग्लोव्हज चढतात ना? असा माझा तोरा.

मग एका मॅचमध्ये मी खांबावर आदळले आणि डावा खांदा निखळला. बसवला. पुन्हा निखळला, पुन्हा बसवला. त्यानंतर हात कानाच्या वर जाईना. दोरीवर टॉवेल टाकताना जीव जायचा. आणि समोर मोठ्या स्पर्धेचा निवड कॅम्प. यात नाव आलं नाही तर संपलं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या वयाच्या कीपरला परत कोण बोलावतंय? फुटबॉल सुटला तर सकाळी उठून करायचं काय, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. खरं सांगते, इतकी भेदरलेली मी कधीच नव्हते.

कॅम्पच्या आधी विश्रांतीसाठी घरी आले, तर नेमका कोबी निघालेला. पिकअप उभी होती.

"मी चढते," मी म्हटलं.

"अगं, खांदा..." आई म्हणाली.

"बरा हाय गं!"

चढले. आप्पा टाकायला लागले आणि काय सांगू, एक गड्डा सुटला नाही! माझ्या मनात उकळ्या फुटायला लागल्या. जमतंय की! उगाच भीत होते राव! मी गाडीतल्या गाडीत नाचायचीच बाकी होते. मग नजर आप्पांकडं गेली. ते वर बघून टाकत होते. टाकण्याआधी माझ्याकडं बघायचे, नेम धरायचे, आणि प्रत्येक गड्डा माझ्या उजव्या अंगाला, छातीच्या उंचीला, अलगद यायचा.

"आप्पा, डावीकडं टाका."

"टाकतोय की."

"न्हाई टाकत तुमी! डावीकडं टाका, वरून टाका, पयल्यासारखं!"

बायका कापायच्या थांबल्या. "कशाला उगा," आप्पा पुटपुटले.

"टाका म्हनते ना!"

त्यांनी टाकला. डोक्याच्या डाव्या अंगानं, चांगला उंच. मला तो येताना स्पष्ट दिसला. डावा हात काही वर निघाला नाही. गड्डा गाडीपलीकडच्या दगडावर जाऊन फुटला.

आप्पा गुडघ्यावर हात देत, कण्हत गाडीत चढले. "उतर खाली. मी झेलतो. तू उजव्या हातानं टाक." मी उतरले. टाकत राहिले आणि रडत राहिले, आणि बायका खाली मान घालून कापत राहिल्या.

तरी मी कॅम्पला गेले. जीव ऐकतच नव्हता. डॉक्टरांनी हात वर करायला लावला, दात-ओठ खाऊन केला. पहिल्याच सकाळी कोचनं पोरींना ओळीनं गोलवर मारायला उभं केलं. पहिला बॉल अडवला. दुसरा अडवला. एकामागून एक येत होते आणि मी अडवत होते. कोच टाळ्या वाजवत होते.

मला ते बॉल ओळखीचे वाटायला लागले. सगळे उजवीकडं, छातीच्या उंचीला. याच पोरी एरवी सरावात माझा डावा वरचा कोपरा हेरून मारायच्या, आणि गोल झाला की मला चिडवून चिडवून बेजार करायच्या.

"डावीकडं मारा!" मी हिंदीत ओरडले.

कॅप्टन बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. तिची बांधलेलीच होती. "मार तो रहे हैं, दीदी," ती म्हणाली, पण वर बघेना.

पुढचा बॉल आला. उजवीकडं, अलगद. हातांनी तो आपसूक झेलला. मी बॉल खाली ठेवला, ग्लोव्हज काढले आणि सगळ्यांसमोर हंबरडा फोडला. कोचला काही कळेना. त्या सकाळी माझ्यावर एकही गोल झाला नव्हता.