भरल्या हंड्याचं चालणं

वेल्ह्याकडच्या आमच्या गावात आम्ही भात पिकवायचो आणि नाचणी खायचो. भात भोरच्या बाजारात जायचा. वडील गेल्यावर आईनं मला शाळेसाठी भोरला आणलं आणि नीरा नदीवरून चार घरचं पाणी भरायला लागली. हे वर्गात कळू नये म्हणून मी घाटाकडं बघायचंच टाळायचो.

घराण्यातला पहिला बी.ए. मी. हात चित्रकलेचा, म्हणून पुण्यातल्या एका सिनेमा कंपनीत हलत्या चित्रांच्या खात्यात उमेदवार म्हणून शिरलो. कायम झालो की आईचं पाणी भरणं सुटणार होतं.

खात्याच्या मास्तरांनी काम दिलं: एक बाई हंडा उचलून डोक्यावर घेते, चालते, थांबते. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रं. एका चित्रातून पुढच्यात हंडा किती सरकतो ती अंतरं मी पट्टीनं मोजून, सगळी सारखी ठेवून चित्रं काढली. मास्तरांनी गठ्ठा अंगठ्यानं फरफर उलटला.

"ही बाई नाही, कळसूत्री बाहुली आहे. आठ दिवसांत हिच्यात जीव घाला. नाहीतर बी.ए. आहातच, कुठंतरी मास्तरकी मिळेल."

शनिवारी सर्व्हिस मोटारीनं भोर गाठलं. आईसमोर तोच गठ्ठा उलटला. तिनं दोनदा बघितला.

"हंडा रिकामा हाय हिचा."

"भरलाय की, आये."

"मग पानी कुठं हाय? वजन न्हाई कुठंच. आन् मान बघ कशी हलती. एवढ्यात भिजली असती बया."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर घाटावर गेलो, कागद घेऊन पायरीवर बसलो. शेजारीण हसली. "एवढा शिकला, आन् आता बायांचं चालनं शिकाया आला व्हय?"

"शिकू दे," आई म्हणाली. "तू हात लाव."

आईनं डोक्यावर चुंबळ ठेवली. मग दोघींनी हंडा धरला, आणि तो वर जायच्या आधी जरासा खाली गेला. गुडघे वाकले, श्वास भरला, मग उचल. सुरुवातीला सावकाश, मध्ये झटक्यात, डोक्याशी पुन्हा सावकाश. चालताना मान जागची हलत नव्हती. सगळं हलणं कमरेत होतं. वाटेत कुणीतरी हाक मारली तशी ती थांबली, पण पाणी थांबलं नाही. ते पुढं हेलावलं आणि त्याला सांभाळायला तिनं अर्धं पाऊल आणखी टाकलं. माझं चित्र जिथं संपत होतं, तिथं तिचं हे अर्धं पाऊल अजून बाकी होतं.

दुपारपर्यंत ती खेपा घालत होती आणि मी काढत होतो. इतकी वर्षं भोरात काढून मी तिला पहिल्यांदा नीट चालताना बघत होतो.

पुण्याला येऊन सगळी चित्रं नव्यानं काढली. हालचाल सावकाश तिथं अंतरं जवळ जवळ, झटका तिथं लांब लांब. मास्तरांनी गठ्ठा उलटला, पुन्हा उलटला.

"कुणाचं बघून काढलंत?"

"आईचं," मी म्हणालो. "भोरला लोकांच्या घरी पाणी भरते ती."

त्यांनी मान हलवली आणि गठ्ठा कॅमेऱ्याच्या खोलीत पाठवून दिला.

त्या महिनाअखेरीस मी कायम झालो. पुढच्या महिन्यात आईला पुण्याला आणलं. आमच्या खोलीत नळ होता.